उजी, काबाने, म्योजी : जपानी सरदारवर्गाची नावे आणि भूमिकाखेळांतील कुळे

इ. स. ७२० मध्ये सिद्ध झालेल्या 'निहोन शोकी' ह्या जपानी राजवृत्तांतात सम्राट इन्ग्यो ह्याच्या कारकीर्दीतील म्हणून एक प्रसंग नमूद केलेला आहे. आपण अमुक कुळाचे आणि आपला दर्जा तमुक, असे खोटे सांगणाऱ्यांची संख्या फार वाढली होती. खरा कोण आणि तोतया कोण हे दरबारास कळेनासे झाले होते. तेव्हा यामातो प्रांतातील आमाकाशी टेकडीवर पाणी उकळत ठेवण्यात आले आणि सर्व कुळांतील लोकांनी शुचिर्भूत होऊन त्यात हात घालावा, अशी आज्ञा झाली. ज्यांचा दावा खरा होता त्यांना इजा झाली नाही. ज्यांचा खोटा होता ते भिऊन मागे सरले. वतनाच्या तंट्यांत मराठी कागदपत्रांतून भेटणारे रवादिव्य ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा विधी अनोळखी वाटणार नाही. प्रसंग पाचव्या शतकातील मानला जातो आणि वृत्तांत त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिलेला आहे. तेव्हा त्याच्या ऐतिहासिकतेविषयी आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु आठव्या शतकातील दरबारी वृत्तांतकारांना नाव ही राज्याने तपासावयाची आणि प्रसंगी काढून घ्यावयाची वस्तू वाटत होती, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

ह्या प्रसंगाचे स्मरण करून देण्याचे निमित्त सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रातील आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक नवा क्रीडाप्रकार उदयास आला. चारसहा खेळाडू एका मेजाभोवती बसतात, प्रत्येक जण एका कल्पित व्यक्तीची भूमिका घेतो, एक जण सूत्रधार होतो, आणि फाशांच्या साहाय्याने सर्वांनी मिळून एक कथा घडवायची असते. ह्यालाच रोलप्ले गेम अथवा भूमिकाखेळ म्हणतात. मध्ययुगीन युरोपच्या छायेत जन्मलेला हा खेळ लवकरच जपानकडे वळला. १९७९ मध्ये 'बुशिदो', १९८५ मध्ये 'ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स' आणि १९९५ मध्ये प्रथम पत्त्यांच्या रूपाने व १९९७ मध्ये भूमिकाखेळ म्हणून 'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' प्रसिद्ध झाला. ह्या शेवटच्या खेळाचे जग 'रोकुगान' नावाच्या कल्पित साम्राज्यात घडते आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेच सर्वांत विचारणीय आहे. तेथे सरदारवर्ग खेकडा, क्रौंच, सिंह, विंचू इत्यादी प्राण्यांची नावे धारण करणाऱ्या सात मोठ्या कुळांत विभागलेला आहे. प्रत्येक कुळात काही घराणी आहेत, आणि प्रत्येक कुळाला एक ठरीव स्वभाव आहे. सिंह युद्धनिपुण, क्रौंच दरबारी शिष्टाचारात पारंगत, विंचू गुप्त कारस्थानांत वाकबगार, खेकडा सीमेच्या रक्षणात रुक्ष झालेला.

असे खेळ म्हणजे केवळ पोरखेळ, म्हणून ते बाजूला सारणे उचित होणार नाही. जपानबाहेरील अनेक तरुणांच्या मनात जपानी इतिहासाचे जे पहिले चित्र उमटते ते पुष्कळदा अशाच मार्गाने उमटते. शिवाय काही गोष्टी ह्या खेळाने अचूक टिपल्या आहेत. घराण्याचे नाव आधी आणि व्यक्तीचे नंतर, हा क्रम तेथे पाळलेला असतो. प्रौढत्वात प्रवेश करण्याचा 'गेम्पुक्कु' हा संस्कार आहे. सामान्य शेतकऱ्याला घराण्याचे नाव नाही. कुळ आणि घराणे अशा दोन पायऱ्या आहेत, ही तर पुष्कळ पाठ्यपुस्तकांतही न सापडणारी सूक्ष्मता म्हणावी लागेल. दोष आहे तो वेगळ्याच ठिकाणी. कुळ हे जणू एक छोटे राष्ट्र आहे, त्याच्या सर्व घटकांची निष्ठा एक, स्वभाव एक, शत्रूही एक, असे ह्या खेळांत गृहीत धरलेले असते. जपानी सरदारवर्गाच्या इतिहासात कुळनाम हे कार्य क्वचितच करीत होते. ते काय करीत होते, हे पाहण्यासाठी शब्दांपासूनच आरंभ करणे सोयीचे आहे.

मराठीत 'कुळ' म्हणून ज्याचे भाषांतर केले जाते त्यासाठी जपानीत एक शब्द नाही. 'उजी' म्हणजे एका पूर्वजापासून किंवा एका कुलदैवतापासून आपली उत्पत्ती सांगणारा आणि दरबाराशी काही सेवेने बांधलेला समूह. 'काबाने' म्हणजे त्या समूहाचा दरबारातील दर्जा दाखवणारी उपाधी. 'म्योजी' म्हणजे पुढे मध्ययुगात जमिनीवरून अथवा वाड्यावरून पडलेले घराण्याचे नाव. मराठी 'आडनाव' ह्याच्या जवळ येतो तो हा शब्द. प्राचीन उजींची नावे एक तर स्थानांवरून आलेली आहेत, जसे सोगा, काट्सुरागी. नाही तर सेवेवरून, जसे शस्त्रे व लष्करी कामे सांभाळणारे मोनोनोबे. कुळ म्हणून प्राण्याचे नाव धारण करण्याची रोकुगानमधील पद्धत तेथे आढळत नाही. वनस्पती आणि प्राणी येतात ते घराण्याच्या चिन्हांत. ताइरांचे फुलपाखरू, फुजिवारांची विस्टेरियाची वेल, तोकुगावांची तीन पाने, ही चिन्हे आहेत; ती नावे नव्हेत.

उजी आणि म्योजी ह्यांतील भेद ओळखण्याची एक साधी भाषिक खूण आहे. उजीच्या नावानंतर व्यक्तीचे नाव उच्चारताना मध्ये 'नो' हा संबंधवाचक प्रत्यय येतो. मिनामोतो नो योरितोमो, ताइरा नो कियोमोरी, फुजिवारा नो मिचिनागा. मराठीत सांगावयाचे तर मिनामोतोंचा योरितोमो. लिपीत हा प्रत्यय बहुधा लिहिला जात नाही, वाचताना मात्र म्हटला जातो. म्योजीनंतर तो येत नाही : आशिकागा ताकाउजी, तोकुगावा इएयासु. पहिल्या प्रकारात व्यक्ती एका समूहाची आहे असे म्हटले जाते. दुसऱ्यात नाव केवळ शेजारी ठेवलेले असते. एकाच माणसाला ही दोन्ही नावे असत, आणि कोणते केव्हा वापरायचे ह्याचे संकेत ठरलेले होते. तोकुगावा शोगुन देशात तोकुगावा होते. कोरियाच्या राजाला पाठवलेल्या पत्रांवर त्यांची सही मिनामोतो म्हणून होत असे.

सर्वांत वरच्या व्यक्तीला मात्र ह्यांपैकी एकही नाव नव्हते. जपानचा सम्राट उजी देतो, म्हणून त्याला स्वतःची उजी नाही; आजही सम्राटघराण्याला आडनाव नाही. रोकुगानच्या सम्राटांना 'हान्तेई' हे वंशनाम देऊन खेळाच्या कर्त्यांनी ह्या रचनेतील मध्यबिंदूच हलवला आहे. त्याच खेळात सम्राटाच्या निकटच्या एका घराण्याचे नाव 'ओतोमो' आहे. हे नाव प्राचीन जपानी दरबारातील एका खऱ्या योद्धाकुळाचे; कवी ओतोमो नो याकामोची त्याच कुळातला. इ. स. ८२३ मध्ये सम्राट जुन्ना गादीवर आला. त्याचे व्यक्तिनाम योगायोगाने ओतोमो असेच होते. सम्राटाचे नाव प्रजेने धारण करणे अशक्य होते. तेव्हा त्या पुरातन कुळाने आपल्या नावाचे पहिले अक्षर गाळले आणि ते पुढे केवळ 'तोमो' झाले. ज्या नावाने खेळात सम्राटाशी जवळीक सूचित होते, ते नाव इतिहासात सम्राटामुळेच छाटले गेले.

नाव देणे हे राज्यकारभाराचे साधन कसे होते, ह्याची उदाहरणे विपुल आहेत. सम्राट तेम्मू ह्याने ६८४ मध्ये काबानेंची आठ पायऱ्यांची नवी रचना केली. जुन्या व्यवस्थेत सर्वोच्च असलेल्या 'ओमी' आणि 'मुराजी' ह्या उपाध्या तीत सहाव्या आणि सातव्या पायरीवर गेल्या. उपाध्या रद्द कराव्या लागल्या नाहीत. त्यांच्या वर नव्या उपाध्या ठेवल्या म्हणजे झाले. नाकातोमी नो कामातारी ह्याने ६४५ मध्ये सोगा कुळाची सत्ता उलथण्यात प्रमुख भाग घेतला होता. ६६९ मध्ये तो मृत्युशय्येवर असताना त्यास 'फुजिवारा' हे नाव मिळाले. ६९८ मध्ये दरबाराने ठरवले की, हे नाव कामातारीचा पुत्र फुहितो ह्याच्याच शाखेने चालवावे आणि इतर भाऊबंदांनी नाकातोमी होऊन पूर्वापार चालत आलेली देवकार्ये पाहावी. एकाच रक्ताच्या लोकांतून सत्ताधारी आणि पुरोहित अशी दोन कुळे एका आज्ञेने वेगळी झाली. 'ताचिबाना' हे नाव प्रथम मिळाले ते एका स्त्रीला. आगाता इनुकाई नो मिचियो ह्या दरबारी स्त्रीला ते ७०८ मध्ये देण्यात आले, आणि पुढे ७३६ मध्ये राजवंशातील तिच्या पुत्रांनी आपले राजपद सोडून आईचे नाव घेतले. ८१४ मध्ये सम्राट सागा ह्याने आपल्या कितीतरी मुलांना 'मिनामोतो' हे नाव देऊन प्रजाजनांत सामील केले. त्याची संतती मोठी होती आणि तिचा खर्च खजिन्याला पेलण्यासारखा नव्हता, हे त्यामागील एक रोकडे कारण होय. पुढे शोगुनपदाचा आधार बनलेल्या ह्या महान कुळाचा जन्म काटकसरीतून झाला, ही गोष्ट वंशगौरव गाणाऱ्यांनी फारशी बोलून दाखवलेली नाही.

८१५ च्या 'शिन्सेन शोजिरोकु' ह्या ग्रंथात राजधानी व तिच्या आसपासच्या पाच प्रांतांतील ११८२ कुळांची नोंद आहे. त्यांपैकी ३३५ राजवंशातून निघालेली, ४०४ देवांपासून उत्पन्न झालेली, ३२६ चीन, कोरिया आदी परकीय भूमींतून आलेली आणि ११७ अनिश्चित. म्हणजे चौथा हिस्सा कुळे उघडपणे परकीय मूळ सांगत होती, आणि दरबार ते शांतपणे नोंदवून घेत होता. खेळांतून दिसणारा 'शुद्ध' आणि एकजिनसी जपानी सरदारवर्ग नवव्या शतकातील ह्या नोंदवहीत सापडत नाही.

नाव जसे देता येई तसे बिघडवताही येई. ७६९ मध्ये सम्राज्ञी शोतोकु हिच्या मर्जीतला दोक्यो नावाचा भिक्षू सम्राटपदाची आकांक्षा धरून होता. उसा येथील देवस्थानाचा कौल आणण्यास वाके नो कियोमारो ह्यास पाठवण्यात आले, आणि त्याने प्रतिकूल कौल आणला. सम्राज्ञीने त्याला दूर ओसुमी प्रांतात हद्दपार केले. पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही. 'कियो' म्हणजे निर्मळ. तिने त्याचे नाव 'कितानामारो', म्हणजे मलिन, असे करून टाकले आणि कुळनामही बदलून हलके केले. त्याची बहीण हिरोमुशी हिच्या नावातील 'विस्तीर्ण' जाऊन तेथे 'संकुचित' आले. पुढच्याच वर्षी सम्राज्ञी निवर्तली आणि बहीणभावांना त्यांची नावे परत मिळाली. हा सूड आज हास्यास्पद वाटतो. परंतु ज्या समाजात राजदप्तरात लिहिलेले नाव हीच माणसाची सामाजिक काया होती, तेथे तो अवयवच्छेदाहून फारसा कमी नव्हता. रोकुगानच्या कर्त्यांनाही ह्याची जाणीव कोठेतरी झाली असावी. त्या खेळाच्या मूळ कथानकात सिंहकुळाचा नायक आकोदो तोतुरी ह्याचे घराणेच सम्राटाच्या आज्ञेने विसर्जित होते आणि तो नुसता 'तोतुरी' उरतो. सबंध कल्पित इतिहासात जपानी दरबाराच्या अंतरंगाला एवढा जवळून स्पर्श करणारे दुसरे स्थळ क्वचितच असेल.

आता निष्ठेचा प्रश्न. ११५६ च्या होगेन संघर्षात सम्राट गो-शिराकावा आणि निवृत्त सम्राट सुतोकु हे भाऊ परस्परांविरुद्ध उभे राहिले. फुजिवारांपैकी तादामिची एका बाजूस, त्याचा भाऊ योरिनागा दुसऱ्या बाजूस. मिनामोतोंपैकी योशितोमो एकीकडे, त्याचा पिता तामेयोशी दुसरीकडे. ताइरांपैकी कियोमोरी एकीकडे, त्याचा चुलता तादामासा दुसरीकडे. युद्धानंतर तामेयोशी आणि तादामासा ह्या दोघांनाही मृत्युदंड झाला. ११८० ते ११८५ ह्या काळातील प्रसिद्ध युद्धाला 'मिनामोतो विरुद्ध ताइरा' असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण योरितोमोच्या पक्षातील होजो, चिबा, मिउरा ही पूर्वेकडील घराणी आपले मूळ ताइरांतच सांगत होती, आणि ११८४ मध्ये योरितोमोच्या सैन्याने ज्याचा वध केला तो योशिनाका मिनामोतोच होता. चौदाव्या शतकात एकमेकांचे हाडवैरी झालेले आशिकागा ताकाउजी आणि नित्ता योशिसादा हेही एकाच मिनामोतो शाखेचे दोन फाटे. तात्पर्य, प्रत्यक्षात लढत होती ती घराणी. कुळनाम हे दरबारात आणि दस्तऐवजांत मिरवण्याचे वस्त्र होते. फुजिवारांचे तर असे झाले की, सारा दरबारच त्यांनी भरून गेला आणि ते नाव कोणालाच वेगळे ओळखण्याच्या उपयोगाचे राहिले नाही. म्हणून त्यांची पाच श्रेष्ठ घराणी कोनोए, ताकात्सुकासा, कुजो, निजो, इचिजो ह्या नावांनी ओळखली जाऊ लागली. शेवटच्या तीन नावांचे अर्थ अनुक्रमे नववा, दुसरा व पहिला हमरस्ता असे आहेत. क्योतोतील ज्या रस्त्यावर वाडा, त्या रस्त्याचे नाव घराण्याला.

व्यक्तिनामाचा व्यवहारही असाच गुंतागुंतीचा होता. खऱ्या नावाला 'इमिना' म्हणत, आणि त्या शब्दाच्या मुळाशी 'टाळणे' हा अर्थ आहे. बरोबरीच्या किंवा खालच्या माणसाने ते तोंडावर उच्चारणे हा उद्धटपणा होता. हाक मारायची ती व्यवहारातल्या नावाने, नाही तर पदाच्या नावाने. १७०१ मध्ये एदोच्या किल्ल्यात तलवार उपसल्यामुळे ज्याला आत्मघात करावा लागला आणि ज्याच्या सत्तेचाळीस सेवकांनी १७०३ मध्ये त्याचा सूड घेतला, तो आसानो नागानोरी समकालीनांच्या तोंडी आसानो 'ताकुमी नो कामी' होता, म्हणजे राजवाड्याच्या कारागीरखात्याचा प्रमुख. कारागिरीशी त्याचा काडीइतका संबंध नव्हता. त्याच्या सेवकांचा म्होरक्या ओइशी 'कुरानोसुके', म्हणजे भांडारखात्याचा दुय्यम अधिकारी. तेथेही भांडार नावापुरतेच. सातशे-हजार वर्षांपूर्वीच्या खात्यांची ही नावे पोकळ झाली होती, तरी माणसाला हाक मारण्यासाठी तीच योग्य समजली जात. खेळाच्या मेजाभोवती बसलेले खेळाडू एकमेकांना सर्रास व्यक्तिनामाने संबोधतात, तेव्हा त्यांच्या कल्पित दरबारात प्रत्येक वाक्यागणिक एक द्वंद्वयुद्ध ओढवायला हवे.

इमिनातील एखादे अक्षर धन्याने आपल्या सेवकाला बक्षीस देण्याची प्रथा तर राजकारणाची बखरच होय. आशिकागा ताकाउजी ह्याच्या नावातील 'ताका' प्रथम होजो ताकातोकीकडून आलेला होता. १३३३ मध्ये त्याने होजोंची बाजू सोडली, कामाकुरा पडले, आणि सम्राट गो-दाइगो ह्याने आपल्या 'ताकाहारु' ह्या नावातील 'ताका' त्यास दिला. उच्चार तोच राहिला, चिनी अक्षर बदलले. कानाला काहीच कळले नाही. डोळ्यांना मात्र स्वामी बदलल्याचे स्पष्ट दिसले. तोकुगावा इएयासु तरुणपणी मोतोनोबु, पुढे मोतोयासु होता. 'मोतो' हे इमागावा योशिमोतोचे देणे. १५६० मध्ये ओकेहाझामा येथे योशिमोतो मारला गेला आणि काही वर्षांतच 'मोतो' गळून तेथे 'इए' आले. त्याच इएयासुने १५६६ मध्ये दरबाराच्या मान्यतेने मात्सुदाइरा हे घराण्याचे नाव सोडून तोकुगावा घेतले. पुढे शोगुनांनी मात्सुदाइरा हे नाव शिमाझु, माएदा, मोरी अशा प्रबळ सरदारांना मानाचे म्हणून वाटले, आणि १८६८ मध्ये शोगुनशाही कोसळताच नव्या सरकारने त्यांना ते टाकून मूळ नावे घेण्यास फर्मावले. हिदेयोशीची कथा ह्याहून मासलेवाईक आहे. किनोशिता, मग हाशिबा, १५८५ मध्ये कोनोए घराण्यात दत्तक जाऊन फुजिवारा, आणि १५८६ मध्ये दरबाराने दिलेली अगदी नवी उजी तोयोतोमी. सामान्य शिपायाचा हा मुलगा एका आयुष्यात जितकी नावे ल्याला, तितकी सरदारी खेळातील एखादे पात्र दहा पिढ्यांतही लेत नाही.

मेइजी काळात हे सर्व थर एका थरात दाबण्यात आले. १८६९ मध्ये दरबारी उमराव आणि प्रांतोप्रांतीचे सरदार मिळून ४२७ घराण्यांचा एकच 'काझोकु' वर्ग बनला. १९४७ च्या राज्यघटनेने तो संपुष्टात आला. १८७० मध्ये सामान्य जनांना म्योजी वापरण्याची मुभा, १८७१ मध्ये सरकारी कागदांतून उजी व काबाने ह्यांची हकालपट्टी, १८७५ मध्ये सर्वांवर म्योजीची सक्ती, असा क्रम आहे. स्त्रियांच्या बाबतीत १८७६ ची सरकारी आज्ञा जुन्या रीतीला धरून होती : विवाहानंतरही स्त्रीने माहेरचेच नाव लावावे. योरितोमोची पत्नी आपण आज 'होजो मासाको' म्हणून ओळखतो, मिनामोतो म्हणून नव्हे, ते ह्याच रीतीमुळे. १८९८ च्या नागरी कायद्याने ही रीत मोडली आणि कुटुंबप्रमुखाच्या घरातील सर्वांचे नाव एक केले. ह्या एक नावासाठी कायद्याने जो शब्द निवडला तो 'शी'. आणि तो ज्या अक्षराने लिहितात ते अक्षर उजीचेच. ज्या चिन्हाने हजार वर्षे कुळाचा निर्देश होत होता, त्याच चिन्हाने आता घराच्या नोंदवहीतील आडनावाचा निर्देश होऊ लागला. पतिपत्नींनी एकच नाव धारण करावे ही अट जपानच्या नागरी कायद्याच्या कलम ७५० मध्ये पुढेही राहिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती २०१५ व २०२१ मध्ये घटनेशी सुसंगत ठरवली. ही जपानची अतिप्राचीन परंपरा आहे, असे तिचे समर्थक म्हणतात, तेव्हा मासाकोचा त्यांना विसर पडलेला असतो.

एका अक्षराच्या ह्या अर्थांतराचा सर्वांत कठोर आघात जपानच्या बाहेर झाला. कोरियात 'सोंग' हे कुळनाम परंपरेने पित्याकडून येत असे आणि जन्मभर बदलत नसे. विवाहाने स्त्रीचेही बदलत नाही. त्याला मूळस्थानाची जोड असते, त्यामुळे किम्हेचे किम आणि क्योंग्जूचे किम ही दोन वेगळी कुळे ठरतात. जपानी अधिसत्तेने १९३९ मध्ये काढलेला हुकूम ११ फेब्रुवारी १९४० पासून अमलात आला, आणि प्रत्येक कोरियन कुटुंबाने सहा महिन्यांच्या आत एक 'शी' नोंदवावी असे ठरले. सुमारे ८० टक्के कुटुंबांनी जपानी धर्तीची नावे नोंदवली. ज्यांनी काहीच नोंदवले नाही, त्यांच्या कुटुंबप्रमुखाचे सोंगच त्या घराची 'शी' मानले गेले. म्हणजे किम घराण्यात आलेली पाक कुळाची स्त्री कागदोपत्री किम झाली. गप्प राहणाऱ्यालाही सुटका नव्हती, कारण बदलली होती ती 'नाव' ह्या कल्पनेचीच व्याख्या. जुनी सोंग नोंदवहीत शिल्लक ठेवली होती, हे सरकारचे उत्तर अक्षरशः खरे होते. व्यवहारात मात्र शाळेत, कचेरीत आणि सैन्यात हाक मारली जात होती ती नव्या नावाने. कित्येक कुटुंबांनी नवे नाव निवडताना आपल्या मूळस्थानाचे किंवा कुळनामाचे एखादे अक्षर त्यात राखले. 'किम' ज्या अक्षराने लिहितात ते जपानीत 'काने' असेही वाचता येते. त्यावरून 'कानेमोतो', 'कानेमुरा' अशी नावे बनली, आणि ती वाचणाऱ्या जाणत्या माणसाला आत दडलेला किम दिसत असे. दक्षिण कोरियातील तत्कालीन लष्करी प्रशासनाने ऑक्टोबर १९४६ मध्ये मूळ नावे पुनःस्थापित करण्याचा आदेश काढला.